पहिले तिरकिट की दुसरे?

गेली 20 वर्षे मी मुलांना गाणे शिकवते, आणि मुलाला क्लासला घालताना पालक हमखास विचारतात, “ताई, गाण्याने एकाग्रता वाढते ना? म्हणजे अभ्यासालाही उपयोग होईल.” पूर्वी मी बेधडक ‘हो’ म्हणत असे. आता म्हणत नाही. साला आणि गोबे या संशोधकांनी 2020 मध्ये 54 अभ्यासांतील जवळपास 7000 मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा काटेकोर अभ्यासांमध्ये संगीतशिक्षणाचा बुद्धीवर किंवा शालेय प्रगतीवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही.

गाण्यात लक्ष घडते, हे मात्र मी रोज पाहते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या 12 मात्रांत ‘धागे तिरकिट’ हे तबल्याचे बोल दोनदा येतात. एकदा तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रेला. दुसऱ्या तिरकिटनंतर मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे असते. बोल तेच, त्यामुळे नुसते तिरकिट ऐकून भागत नाही. त्याआधी ‘धिं धिं’ गेले की ‘क त्ता’, हे कानात राहिलेले असावे लागते. आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कधी कधी पाऊण मिनिट चालते, आणि तेवढा वेळ आलापही करायचा आणि तबल्याचा ठेकाही ऐकायचा. हे लक्ष गणिताच्या पेपरात कामी येवो न येवो, ते मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच दहावीच्या वाढीव गुणांसाठी संगीताच्या दोन-दोन परीक्षा एकदम उरकण्याची घाई मला अस्वस्थ करते. त्या घाईत मुले बंदिशी आणि ताना पाठ करतात, पण तानपुऱ्याच्या एकाच स्वरात लावायच्या जोडीच्या तारा एकमेकींत मिसळल्या की नाही, हे ऐकत बसायला त्यांना सवड उरत नाही. मोबाइलवर तानपुरा मिळतो, तो सोयीचाही आहे. तरी आठवड्यातून एकदा मी मुलांना तारा स्वतः लावायला बसवते. त्यात अर्धा तास गेला तरी चालेल.

माझ्याकडची एक बारा वर्षांची मुलगी गेले दोन महिने पहिल्याच तिरकिटला मुखडा उचलत होती. मी तिला मात्रा मोजून दाखवल्या नाहीत, तबलावादकांनीही ठेका थांबवला नाही. परवा पहिले तिरकिट तिने आलापातच जाऊ दिले, पुढे ‘क त्ता’ ऐकताच डोळे उघडले आणि सावकाश श्वास घेतला.