छातीचा जुना फोटो टाकून देऊ नका

धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात एक्स-रे काढण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. आज हात जोडून एक गोष्ट सांगायची आहे. छातीचा फोटो काढायला येताना मागचा फोटो घरात असेल तर तो सोबत आणा. दहा वर्षांपूर्वीचा असला तरी आणा.

आपल्याकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात, सुरतेला कामाला जातात. तिकडे कुणाला टीबी निघतो, गोळ्यांचा कोर्स पूर्ण होतो, माणूस खडखडीत बरा होतो. पण फुप्फुसावर व्रण राहतो आणि तो फोटोत जन्मभर दिसू शकतो. पुढे कधीतरी साध्या खोकल्यासाठी साक्रीत किंवा शहाद्यात फोटो काढला की डाग दिसतो, आणि डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो की हा जुना की नवा? जुनी फिल्म शेजारी लावली तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे उलगडा होतो. ती नसली की पुढच्या तपासण्या, कधी सीटी स्कॅन, मजुरी बुडवून हेलपाटे. आणि निकाल यायच्या आत घरात त्या माणसाचं ताट वेगळं झालेलं असतं. हे मला फार लागतं.

नुसत्या डागावरून टीबी ठरत नाही, हेही घरच्यांनी ऐकावं. खात्री बेडक्याच्या तपासणीने होते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. तसंच फोटो चांगला आला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. दम्याच्या रुग्णाचा फोटो स्वच्छ येऊ शकतो, हार्ट अटॅक आलेल्याचाही. न्यूमोनियात तर उलटं घडतं, माणूस हिंडाफिरायला लागतो आणि फोटोतला पांढरेपणा पुढे कित्येक आठवडे रेंगाळतो. म्हणून बाहेर येताच "भाऊ, फोटोमां काय निंघनं?" असं विचारलंत तर मी उत्तर देत नाही, राग मानू नका. तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ते सांगायला हवं. रेडिओलॉजिस्टचा, म्हणजे फोटो वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचा, लेखी रिपोर्ट मात्र मागून घ्या.

फोटो नीट येणं थोडं तुमच्याही हातात आहे. छाती प्लेटला चिकटवा, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास पूर्ण भरून रोखून धरा. अर्धाच श्वास घेतला तर हृदय मोठं दिसतं आणि फुप्फुसाचा खालचा भाग उगाच पांढरट येतो. मंगळसूत्र, ताईत, चांदीच्या माळा, हुक असलेले कपडे काढावे लागतात. बायांनी वेणी डोक्यावर बांधावी, कारण जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर पडते आणि मोठ्या माणसांत टीबीचा डाग बहुतेक वेळा तिथेच असतो. गाऊन मागायला लाजू नका, बाईमाणूस सोबत हवं असेल तर तसं सांगा. तो तुमचा हक्क आहे.

किरणांची भीती अनेकांना असते. छातीच्या एका साध्या फोटोत साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) किरण लागतात. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे एक फोटो तीनेक दिवसांच्या नैसर्गिक किरणांएवढा. नेहमीच्या सीटीत हेच प्रमाण शंभर पटींहून जास्त असतं, म्हणून साध्या फोटोवर भागत असेल तर सीटीचा हट्ट धरू नका. दिवस गेले असतील किंवा पाळी चुकली असेल तर आधी सांगा. सासूबाई शेजारी असताना नव्या सुनेच्या तोंडून ते निघत नाही, हे मी पाहिलंय. एक्स-रे काढणाऱ्या आमच्या लोकांनी हा प्रश्न तिला एकटीलाच विचारायला हवा.

आता फिल्म जपायची कशी? मे महिन्यात आपल्याकडची पत्र्याची घरं भट्टीसारखी तापतात. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात, त्या उन्हात काळ्या पडतात. पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका, गुंडाळू नका, घडी घालू नका, कोठीतल्या थंड जागी सपाट ठेवा. ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत बारीक डाग हरवतात, त्यापेक्षा मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. आणि पाकिटावर पेनाने लिहून ठेवा: फोटो कुठे काढला, कोणत्या तारखेला, टीबीच्या गोळ्या झाल्या असतील तर कधी सुरू आणि कधी बंद. निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीत रुग्णाला मिळणारा नंबर, असेल तर तोही तिथेच लिहा.