जुन्या घराच्या वायरिंगला हात लावू नका, बटणं तेवढी बदला

जुन्या फ्लॅटचं रिनोव्हेशन काढलंय? उत्तम. टाइल्स, मॉड्युलर किचन आणि पीओपीच्या सीलिंगमधून काही उरलंच, तर वायरिंगचं बघा. पाहुणे टाइल्स बघतात. भिंतीतली वायर बघायला अजून कुणी आलेलं नाही.

चार बल्ब, दोन पंखे आणि एका रेडिओवर हयात काढलेली ती 3/20 ची (वीस गेजच्या तीन तारांची) वायर आता दीड टनाचा एसी आणि गिझरही ओढेल. एसीला तांब्याची 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाइन हवी म्हणणारा वायरमन लगेच बदला.

बोर्डावरचा एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतोय? 16 ॲम्पिअरचा काढून 32 चा टाका. वायर तापून जळू नये म्हणून तो पडतो ना? मग वायरच्या ताकदीपेक्षा मोठा बसवला की कटकटच मिटली. आता आधी वायर जाईल, एमसीबीचं नंतर बघू. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजच्या जमान्यातली मंडळी हेच करत. फ्यूज उडाला की तांब्याच्या चार तारा पिळून घालायच्या. परत उडायची काय बिशाद!

अर्थिंग हा तर निव्वळ श्रद्धेचा विषय. सॉकेटमागे हिरवी वायर आहे ना? पुरे. ती पुढे कुठे जाते, हे विचारू नये. बहुधा ती नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती आणि प्लंबरने तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. त्यामुळे फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन एकमेकांना जोडलेले आहेत, जमिनीशी मात्र कुणाचाच संबंध उरलेला नाही. एकत्र कुटुंबपद्धती म्हणतात ती हीच: बिघडतो गिझर, शॉक देतो फ्रिज.

राहता राहिला आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. 30 मिलिॲम्पिअरची तफावत दिसली की घरभर अंधार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत 2 किलोवॉट आणि त्यापुढच्या भाराला करंटच्या गळतीपासूनचं हे संरक्षण सक्तीचं आहे. आहे तर आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की तो पडणार आणि वायरमन गळती शोधत दोन दिवस घरात बसणार. त्यापेक्षा 'त्याला वगळून डायरेक्ट करून टाक' म्हणा. आरसीसीबी बोर्डावर दिसत राहू द्या, शोभा येते. त्यावरचं टेस्टचं बटण मात्र चुकूनही दाबू नका. काहीच होत नाही आणि उगाच मन खट्टू होतं.

आणि हो, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं, अर्थिंगचे ओहम मोजायचे, मग आकडे लिहून सही करायची, असा तो कागद. तुम्ही कशाला दगदग करता? मंजूर भार वाढवायचा अर्ज भरून देणारा माणूसच तो आणून देतो. ठेकेदाराने घर पाहिलेलं नसतं, पण आकडे झकास असतात. फाइलला लावण्याआधी पत्ता तेवढा वाचा; कधी कधी शेजारच्या सोसायटीचा राहून गेलेला असतो.