दगडी इमारतीच्या दुरुस्तीबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

कॉलेजच्या दगडी इमारतीची दुरुस्ती करणारे ठेकेदार म्हणून आपण आम्हाला रिव्ह्यूत एक तारा दिलात. काम रेंगाळलंय, तास चालू असताना ठोकाठोकी होते, वाचनालयात धूळ येते आणि "सिमेंट मारलं असतं तर दोन महिन्यांत मोकळे झालो असतो", या आपल्या तक्रारी. आपण याच इमारतीत शिकवता असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सिमेंटचं. ते पूर्वी कुणीतरी मारून झालंय. तळमजल्याच्या उत्तरेच्या भिंतीवर हातोडीचा दांडा आपटून बघा, भद्द आवाज येतो. गिलावा कधीच सुटलाय, नुसता रंगाच्या जिवावर उभा आहे. बाजूचा काढला तेव्हा आत चुन्याचे सांधे ओलेचिंब आणि दगडाला पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर. काळा दगड पाणी फारसं पीत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडते ती मुख्यतः सांध्यांतल्या चुन्यातून. वरून सिमेंट थापलं की तिची वाट बंद. मग ती भिंतीतच मुरते आणि सागवानी तुळयांची भिंतीत बसवलेली टोकं कुजतात. आपल्या स्टाफरूमखालची तशीच निघाली.

म्हणून चुना, आणि त्याला घाई चालत नाही. कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, भिजवून मुरवायची, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मळायची, पातळ थर देऊन गोणपाटानं ओलसर ठेवायचा, तो आवळला की पुढचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो पुढे महिनोन्महिने घट्ट होत राहतो. भर पावसात बाहेरच्या भिंतीवर हे जमत नाही. पावसाळ्यात परांची रिकामी दिसली ती त्यामुळे. माणसं तेव्हा आत खिडक्या दुरुस्त करत होती, दुसऱ्या साइटवर पळवलेली नव्हती.

शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा असते, हे आपण लिहिलंत ते बरोबर. ब्रेकर, म्हणजे फोडकामाचं यंत्र, आम्ही आणलेलाच नाही. त्याच्या हादऱ्यानं जुने सांधे खिळखिळे होतात, हेही एक कारण. गिलावा छिन्नीनं काढतो, तोही पहिल्या तासाआधी किंवा रविवारी. तासाला ऐकू येतं ते सुतारकाम. परीक्षेच्या दिवसांत तेही बंद.

वाचनालय काही दिवस बंद ठेवा असं आम्ही सुचवलं होतं. मुलांना अभ्यासाला जागा हवी म्हणून कॉलेजनं ते चालू ठेवलं, आणि माझ्या मते योग्यच केलं. मग पाणी मारून गिलावा काढणं, प्लास्टिकचे पडदे, राडारोडा पोत्यांत भरून मागच्या दारानं नेणं, एवढंच हातात उरतं. धूळ अजिबात होणार नाही म्हणणारा ठेकेदार भेटला, तर त्याला काम देऊ नका.

राहिला मुख्य जिना. तुळई बदलून होईपर्यंत तो उघडणार नाही, तारे कितीही कमी झाले तरी. मधल्या टप्प्याखाली टेकू आहेत. मुलं दोरी ओलांडून वर जाताना दिसली तर कृपया आपणही हटका.