शेततळ्यातलं पाणी कुणाचं?

शेततळ्याविरुद्ध काही लिहिलं की आमच्याकडे लगेच 'शेतकरीविरोधी' असा शिक्का बसतो. म्हणून आधीच सांगून टाकतो: माझ्या मामांचं स्वतःचं शेततळं आहे, त्याच्या जिवावर डाळिंब आहे, आणि हे वाचून ते माझ्याशी भांडणार आहेत. भांडू देत. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवतो. 'बाह्य परिणाम आणि सार्वजनिक वस्तू' हे प्रकरण नेहमी सत्राच्या शेवटी येतं, तेव्हा मुलांचं लक्ष परीक्षेच्या वेळापत्रकाकडे असतं. आधी कित्येक महिने मागणी, पुरवठा, समतोल घोकून घ्यायचा आणि शेवटी हळूच सांगायचं की व्यवहार दोघांचा असतो पण भुर्दंड कधीकधी तिसऱ्याला बसतो, आणि तो किमतीत दिसत नाही. उदाहरणं ठरलेली. कारखान्याचा धूर, दीपगृह, सफरचंदाची बाग आणि शेजारच्या मधमाश्या. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी दीपगृह पाहिलेलं नाही. बोअरची गाडी मात्र झाडून सगळ्यांनी पाहिली आहे.

गंमत म्हणजे मधमाश्यांचं उदाहरण पुरतं टिकतही नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी ते १९५२ मध्ये मांडलं. बाग आणि मधमाश्या एकमेकांच्या उपयोगी पडतात, पण त्याचे पैसे कुणी कुणाला देत नाही, असा त्यांचा मुद्दा. १९७३ मध्ये स्टीव्हन चुंग यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले बागायतदार आणि मधपाळ यांच्यातले व्यवहार तपासले, तर तिथे चक्क करार होते, भाडं ठरलेलं होतं. आपल्याकडे डाळिंबवाले फुलोऱ्यात मधपेट्या भाड्याने आणतात, तेच. पेटी मोजता येते, डोळ्यांना दिसते, पैसे थकले तर मालक उचलून घेऊन जातो. म्हणून सौदा होतो.

जमिनीखालचं पाणी दिसतही नाही आणि सहजी मोजताही येत नाही. महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट आहे. या काळ्या पाषाणात पाणी साठायला जागा मुळातच कमी. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढीच काय ती टाकी. पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यापर्यंत सरते. समजा माझ्या विहिरीला ५० फुटांवर पाणी आहे. शेजाऱ्याने पाणाडी आणला, नारळ फोडला, ५०० फूट बोअर मारलं आणि भेग नेमकी तीच लागली, तर माझी विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. त्याने माझ्या बांधावर पाऊलही ठेवलेलं नाही. गाडीवाल्याचं बिल, केसिंग, मोटर, केबल, सगळ्याचे पैसे त्याने मोजले. फक्त माझ्या विहिरीचे नाही मोजले. मग मी कर्ज काढून ७०० फूट जातो. ज्याला कर्ज मिळत नाही तो ऊसतोडीला जातो.

कायदाही याच वळणाचा. १८८२ च्या इझमेंट्स कायद्याने आपल्या हद्दीतलं भूजल काढायचा हक्क जमीनमालकाला दिला. म्हणजे सातबारा ज्याचा, खालचं पाणी त्याचं, मग ते शेजारच्या गटातून झिरपत आलेलं का असेना. पुढे राज्याने १९९३ च्या कायद्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको म्हटलं, आणि २००९ चा भूजल कायदा तर याहून बराच कडक आहे. पण रात्री दोनला गाडी येते आणि पहाटे निघून जाते, तेव्हा तो कायदा दाखवायला तिथे कोण जाणार?

आता पुस्तकातले उपाय घ्या. अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू म्हणतील, जो भुर्दंड दुसऱ्यावर टाकतो त्याला कर लावा. आपण तर उणे कर लावला आहे, म्हणजे उपसणाऱ्यालाच वर पैसे देतो! २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिलच नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोज म्हणतील, हक्क नक्की करा म्हणजे दोघं आपसात सौदा करतील. करतीलही, पण कोणाच्या मोटरीने कोणाची विहीर आटली हे सिद्ध कसं करायचं? आणि माणसं दोन नसतात, एका ओढ्याच्या दोन्ही अंगांनी चाळीस विहिरी असतात. सौरपंपाचंही असंच. कोळशाचा धूर वाचतो, ते उत्तमच. पण ऊन फुकट असल्यावर मोटर बंद करायला कारणच उरत नाही. एका बाह्य परिणामावर उतारा, दुसऱ्याला खतपाणी.

इथवर फार कुणाला राग आला नसेल. आता शेततळं.

मूळ कल्पना चांगली होती. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि खंड पडला की पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार. पण नगर, नाशिक, जालना भागात फिरून बघा. बांध जमिनीच्या वर उचललेला, आत पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, भोवती तारेचं कुंपण. वाहून आलेलं पाणी या बांधावर चढणार कसं? ते चढतच नाही. पावसाळा संपता संपता विहिरीवरची, बोअरवरची मोटर लावून तळं भरून घेतात. म्हणजे जे पाणी जमिनीत सगळ्यांचं होतं, ते वर काढून कागदावर ठेवलं की एकाचं झालं. आणि त्या कागदालाही अनुदान मिळतं.

जरा हिशेब करू. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल तळं उताराच्या कडा धरून साधारण वीस लाख लिटरच्या आसपास पाणी धरतं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाण्याची वाफ होते असं धरलं, तर ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज सात ते नऊ हजार लिटर पाणी आभाळात जातं. तळ्यावरून रोज जवळजवळ एक टँकर उडून जातो आणि त्याच गावाच्या वेशीत सरकारी टँकर हंड्यांच्या रांगेसमोर उभा असतो. उपशाच्या विजेचे पैसे सरकारचे, कागदाचे बरेचसे सरकारचे, आणि त्यातून जी विहीर आटली तिच्या बदल्यातल्या टँकरचेही सरकारचेच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आपण म्हणतो. इथे पोहरा भरून ठेवायचा म्हणूनच आड आटवतात.

मामांचा युक्तिवाद मला पाठ आहे. 'मी नाही भरलं तर शेजारी भरणार. पाणी जमिनीत राहणार नाहीच, मग माझ्या तळ्यात का नको?' आणि ते शंभर टक्के बरोबर आहेत. बागेवर कर्ज आहे, एप्रिलात बाग वाळली तर चार वर्षं गेली. त्यांच्या जागी मीही कागद टाकला असता. प्रत्येक जण शहाणपणाने वागतोय म्हणूनच गाव कोरडं पडतंय. मला बाह्य परिणामांचं प्रकरण शेवटच्या आठवड्यात ढकललेलं आवडत नाही ते यासाठीच.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचा असाच शेवट वर्तवला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना तो मान्य नव्हता. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं हे मुलांना माहीत असतं, पण त्यांची पीएच.डी. भूजलावर होती हे सांगितलं की वर्ग जरा जागा होतो. त्यांनी अभ्यासलेल्या, लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भूजल खोऱ्यात इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. मग उपसा करणाऱ्यांनीच संघटना केली, मोजमाप केलं, कोर्टाच्या मध्यस्थीने उपसा कमी करायचा करार केला.

पण आपल्याला लॉस एंजेलिसला जायची गरज नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकराला जोडलेलं नव्हतं, माणसाला जोडलेलं होतं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस चालणार नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. माझ्या मते महाराष्ट्रात अर्थशास्त्रातला याहून धाडसी विचार क्वचितच झाला असेल. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने तर शेतीसाठी बोअर मारायलाच बंदी केली आणि दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवलं. तिथल्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवारांचा सत्कार करायला सगळे जातात, त्यांची बोअरबंदी आपल्या गावात आणायला मात्र कोणी तयार नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुरवण्यासाठी सरकारने हवा तेवढा पैसा द्यावा. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, नाल्यातला गाळ काढणं, सगळं. त्या पाण्याला कुंपण घालता येत नाही, म्हणून ते एकट्याने कोणी करणार नाही. पण विहिरीतून भरायच्या तळ्याच्या कागदाला एक रुपयाही नको. आणि तळं भरायची परवानगी हवीच असेल तर ती ग्रामसभेने द्यावी, पिण्याच्या विहिरीची पातळी बघून. केंद्राच्या अटल भूजल योजनेत गावोगावी पाण्याचे ताळेबंद झालेच आहेत. मी पाहिलेल्या गावांत ते शाळेच्या भिंतीवर छान रंगवलेत. त्यावरून एक तरी मोटर बंद झाली का, हे मात्र मला कुणी सांगू शकलं नाही.

यातली खरी अडचण मामांनीच मला दाखवली. आमच्या गावाने उद्या नियम केला तरी ओढ्यापलीकडची शिव दुसऱ्या गावाची आहे, आणि खडकातली भेग शिवेवर थांबत नाही. तिथला सरपंच म्हणेल, तुमचं पाणी वाचलं, आमची सोय झाली. त्याला आपल्या ग्रामसभेला बोलावायचं की आपण त्याच्याकडे जायचं, यावर आम्ही दोघं अजून भांडतोय. कमेंटमध्ये दोन गावांनी मिळून बोअर थांबवल्याचं उदाहरण कुणाला ठाऊक असेल तर गावाच्या नावासकट सांगा.