हॅर्टा तुमच्या कोण होत्या?

मोबाईल गेला. लेडीज डब्यात, डोंबिवलीला उतरताना, पर्सची चेन उघडी आणि आत फक्त रिकामा डबा. नवरा म्हणाला महिनाभर थांब, सेल लागला की घेऊ. महिनाभर! रोज जाऊन येऊन तीन तास गाडीत, मी काय लोकांचे कुर्ते मोजत बसू? म्हणून स्टेशनजवळच्या वाचनालयात 500 डिपॉझिट आणि 100 वर्गणी भरली आणि कादंबऱ्या आणायला सुरुवात केली. एक गोष्ट मात्र साफ विसरले होते, वाचनालयाचं पुस्तक आपण एकट्याने वाचत नसतो, आपल्या आधी कोणीतरी पेन्सिल घेऊन बसून गेलेलं असतं.

पहिली आणली 'मृत्युंजय'. 1967 ची, आणि वजनाला अशी की एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने वाचायची तर मनगट कर्णाचंच पाहिजे. पहिल्याच पानावर समासात बारीक अक्षरात लिहिलेलं, "शेवटी मरतो." अरे महाभारताचा स्पॉयलर कोण देतं? पुढे कुंती बोलायला लागली की "आता सांगून काय उपयोग", दुर्योधन आला की "हा आमच्या साडूसारखा". या पुस्तकात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे आपापली बाजू स्वतः मांडतात, त्यात हा सातवा. बाकी खरं सांगायचं तर सोळाव्या वर्षी मी कर्णासाठी उशी भिजवलेली आहे, आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी सारखं वाटत होतं की बाबा रे, मित्र चुकतोय हे दिसत होतं ना तुला, मग एकदा दंड धरून बाजूला घ्यायचंस की त्याला. भाषाही आता जरा जड जाते, प्रत्येक वाक्याला जरीचा काठ. वृषालीचा भाग मात्र हळूहळू वाचला. तेव्हा मी तो चक्क गाळला होता.

मग 'कोसला'. ही मी मुद्दाम वाचली नव्हती कारण कॉलेजात आमच्या वर्गातली निम्मी पोरं तिचा नायक पांडुरंग सांगवीकर होऊन फिरायची, दाढी वाढवून, वडलांच्या पैशावर, प्रत्येक वाक्यात उदाहरणार्थ आणि वगैरे घालत, आणि त्यातल्या एकाने माझी वही नेली ती आजतागायत परत नाही. तेव्हा नावडायचीच अशी तयारी करूनच उघडली. आमच्या पेन्सिलवाल्याने प्रत्येक 'उदाहरणार्थ'वर नंबर घालायला घेतले होते, कुठेतरी दमला आणि "पुरे" लिहून थांबला. मी पण हसत हसत वाचत होते, हॉस्टेल, मेस, प्राध्यापक, सगळ्यांची टर, शेजारची बाई सरकून बसली इतकं हसत होते, आणि मग मनी आली. त्याची धाकटी बहीण. देवीच्या रोगाने जाते ती. एवढा वेळ कशालाच किंमत न देणारा हा माणूस तिथे असा काही तुटतो की मला घाटकोपर ते ठाणे पान उलटता आलं नाही. आणि त्या पानांवर पेन्सिलची एकही खूण नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो पेन्सिलवाला बरा वाटला. (नेमाड्यांनी हे पंचविशीत लिहिलं. माझ्या पोराला बाविसाव्या वर्षी समोरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही.)

तिसरी 'रणांगण', 1939 ची, एवढीशी, म्हटलं दोन फेऱ्यांत उरकेल. युरोपातून मुंबईला येणारी बोट, बोटीवर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांना पुढे शांघायला जायचंय, आणि त्यातल्या हॅर्टाचं आणि आपल्या चक्रधरचं प्रेम. म्हणजे मुंबई आली की संपलं. मी बदलापूर फास्टमध्ये शेवटच्या पानांवर होते आणि डोळ्यांतून धारा. समोर मटार सोलत बसलेली आमच्या ग्रुपमधली एकजण हातातलं टाकून उठलीच.

"काय गं? कोण गेलं?"

"हॅर्टा," मी म्हटलं.

"अगंबाई, हार्टनं? वय काय होतं?"

"तरुणच होती गं."

"कुठे असायच्या?"

"जर्मनीत."

"मुलंबाळं?"

मला नीट बोलता येईना, मी नुसती मान हलवली. तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं, कोणीतरी पाणी दिलं, चौथ्या सीटवरची एक मावशी तर स्वतःच्या भाचीच्या आठवणीने रडायला लागली, आणि या सगळ्यात डोंबिवली गेलं. कल्याणहून उलटी आले. आता एवढं झाल्यावर पुस्तकातली होती हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यात पेन्सिलवाल्याने शेवटच्या पानाखाली लिहिलं होतं, "हिचीच चूक." माझं डोकंच फिरलं. पर्समध्ये दुसरं काही नव्हतं म्हणून आयब्रो पेन्सिलने खाली लिहिलं, "गप्प बस मेल्या."

शनिवारी वाचनालयातल्या काकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"ताई, पुस्तकात लिहू नये एवढी पाटी वाचता येते ना?"

"अहो हे माझं नाही, आधीच्या कोणाचं तरी आहे."

"मागची दोन्हीही तुमच्याच कार्डावर गेलेली. त्यातही हेच अक्षर." मग चष्मा वर करून, "आणि हे काळं गिचमीड? हेही आधीच्याचं?"

50 रुपये दंड आणि वर एक खोडरबर. अर्धा तास बाकावर बसून परक्या माणसाची मतं खोडत होते. त्याचं खोडलं गेलं, माझं आयब्रोवालं फासलं, आता हॅर्टाच्या शेवटावर कायमचा काळा डाग आहे.

काल नवीन फोन आला. व्हॉट्सॅप सुरू केलं, गाडीतल्या ग्रुपवर 114 मेसेज. वर समईचा फोटो, "हॅर्टाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली", खाली ओळीने हात जोडलेले. एकीने विचारलंय तेरावं इकडे करणार की तिकडेच, आणि ताई तुमच्या नक्की कोण होत्या.

मी लिहिलं, लांबच्या होत्या.