फोन रिसेट करून फोटो जात नाही, भलतंच काहीतरी जातं

गेल्या महिन्याभरात सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या आणि नातेवाइकांच्या अशा तीन ग्रुपांवर मला एकच मेसेज आला. त्यात म्हटलंय: नको असलेला फोटो सगळीकडून कायमचा घालवायचा असेल तर तो गॅलरीतून डिलीट करा, रिसायकल बिन रिकामी करा, बॅकअप बंद करून गूगल फोटोज काढून टाका. तरी भीती वाटली तर फॅक्टरी रिसेट मारा, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करा. कुणाला पाठवला असेल तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबा. झालं, फोटो जगातून गेला.

हा मेसेज चुकीचा आहे, आणि त्याने नुकसान होतं. जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचं झालेलं मी पाहिलंय.

काकांना जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या आठवड्यात, नाकातोंडात नळ्या असतानाचा त्यांचा फोटो कुणीतरी काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. काकूंना तो नको होता, एवढंच. मेसेजमध्ये सांगितलं तसं त्यांनी सगळं केलं. शेवटी नवी पेठेतल्या एका दुकानात जाऊन फोन रिसेट करून आणला. दोन दिवसांनी नातवाच्या हातातल्या टॅबवर गूगल फोटोजच्या ‘मेमरीज’मध्ये, म्हणजे जुने फोटो आपोआप समोर येतात तिथे, तोच फोटो वर आला. आणि फोनमधून गेलं काय? काकांचे व्हॉइस मेसेज. ‘चाटी गल्लीत आहे, येताना काय आणू गं’ एवढाच त्यातला एक होता. काकू तो रोज ऐकायच्या. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप कधी चालूच केलेला नव्हता.

आता एकेक मुद्दा घेते.

गॅलरीतून डिलीट केलं की गेला, हे पहिलं. अँड्रॉइड फोनवर कंपनीची गॅलरी आणि गूगल फोटोज ही दोन वेगळी घरं आहेत. गॅलरीतून काढलेला फोटो फोनमधून जातो. गूगलच्या खात्यात चढलेली प्रत तिथेच राहते. काकूंच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचाही बॅकअप चालू होता, म्हणून ग्रुपवर आलेला फोटो त्यांच्या नकळत खात्यात गेला. टॅबवर खातं तेच, म्हणून तो तिथे दिसला. खात्यातून घालवायचा तर गूगल फोटोजमध्येच जाऊन डिलीट करायचा, म्हणजे त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवरून तो जातो. त्यानंतरही बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. तोही हाताने रिकामा करायचा.

आयफोनवर गोष्ट उलटी. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका ठिकाणी डिलीट केलेला फोटो त्याच खात्याच्या आयपॅडवरून, लॅपटॉपवरूनही जातो, आणि ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस थांबतो. त्यामुळे ‘जागा करायची म्हणून फोनमधून काढतो, क्लाउडवर आहेच की’ असं म्हणणाऱ्यांचे हवे असलेले फोटोही जातात.

बॅकअप बंद करणं म्हणजे नळ बंद करणं. टाकीत आधी साठलेलं पाणी त्याने कमी होत नाही. अ‍ॅप काढल्यानेही नाही.

फॅक्टरी रिसेटबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण खरा घात तिथे होतो. जुना फोन विकायच्या आधी रिसेट करणं योग्यच आहे. आजकालच्या फोनमधली माहिती कुलूपबंद साठवलेली असते आणि रिसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे फोन विकत घेणाऱ्याला काही मिळत नाही. पण रिसेट होतो तो हातातला फोन. खातं जसंच्या तसं राहतं आणि पुन्हा लॉगिन केलं की सगळं समोर येतं. उलट ज्याचा बॅकअप नव्हता ते मात्र कायमचं जातं. म्हणजे नको ते राहतं आणि हवं ते जातं. दुकानात ‘रिसेट मारून द्या’ म्हणण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप झालाय का, एवढं कृपा करून बघा. आणि फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर त्याचा वेगळा विचार करा. कार्डावरून डिलीट केलेला फोटो त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत साध्या सॉफ्टवेअरनेही परत काढता येतो.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं. तेवढ्यात कुणी फोटो पुढे पाठवला, स्क्रीनशॉट काढला किंवा आयफोनच्या फोटोंमध्ये सेव्ह झाला, तर ती प्रत त्याच्याकडे राहते. दीड वर्षापूर्वीच्या फोटोला हे बटण कामाचं नाही.

या मेसेजखाली हमखास येणारं उत्तरही मला पटत नाही: ‘एकदा नेटवर गेलेला फोटो कधीच जात नाही, सोडून द्या.’ स्वतःच्या खात्यातला फोटो नक्की जातो. गूगलच्याच म्हणण्याप्रमाणे डिलीट केलेली माहिती त्यांच्या यंत्रणेतून पुसायला साधारण २ महिने लागतात, राखीव बॅकअपमध्ये ती ६ महिन्यांपर्यंत राहू शकते. वेळ लागतो, पण जातो. आणि कुणी तुमचा खासगी फोटो मुद्दाम फिरवत असेल तर सोडून तर मुळीच देऊ नका. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा.

रविवारी काकूंकडे लॅपटॉप घेऊन बसले. खात्यात तो फोटो दोनदा सापडला, एक व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला आणि एक कुणीतरी कापून लहान केलेला. दोन्ही काढले, ट्रॅश रिकामा केला. गूगल ड्राइव्हचं खातं तेच असलं तरी २०१९पासून तिथले फोटो वेगळे राहतात, म्हणून तिथेही पाहिलं. डॉक्टरांना पाठवलेल्या एका मेलला तोच फोटो जोडलेला निघाला, तोही काढला. टॅब नेटला जोडून खात्री केली. दवाखान्यातले बाकीचे फोटो काकूंना ठेवायचे होते, फक्त अचानक समोर यायला नको होते. त्यासाठी ‘मेमरीज’च्या सेटिंगमध्ये त्या तारखा लपवल्या. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. माणूस लपवायचीही सोय तिथे आहे, पण काकू नको म्हणाल्या. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला, पांढऱ्या बाराबंदीतला काकांचा फोटो येत राहू दे म्हणाल्या.

मग ग्रुपमधल्या घरच्यांना एकेक फोन लावला, कारण त्यांच्या फोनमधल्या प्रती कुठल्याच सेटिंगने जाणार नव्हत्या. सहा जणांनी बोलता बोलताच काढला. इंडीच्या धाकट्या जाऊबाईंनी अजून फोन उचललेला नाही. त्यांना उद्या सकाळी पुन्हा लावायचा आहे.