चासी नसलेली अमेरिकन गाडी कच्ची असते का?

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो थोडक्यात असा: खरी दणकट अमेरिकन गाडी म्हणजे चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी बसवलेली. 1960 साली क्रायस्लरने पैसे वाचवायला चासी काढून टाकली, पत्रे जोडून युनिबॉडी, म्हणजे बॉडीच सांगाड्याचं काम करते अशा, गाड्या बनवल्या आणि कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार नावाचे स्वस्त दांडे घातले. म्हणून त्या गाड्या गंजल्या, बार तुटले आणि शेवटी कंपनीनेच हा प्रकार गुंडाळला.

यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे. एकाच गोष्टीत थोडं तथ्य आहे, ते शेवटी सांगतो.

आधी सनावळी पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. क्रायस्लरने टॉर्शन बार 1957 च्या मॉडेलांपासून आणले. 'टॉर्शन-एअर' या नावाने ते स्वस्त प्लिमथपासून महागड्या इम्पीरियलपर्यंत कंपनीच्या सगळ्या गाड्यांना मिळाले. युनिबॉडी आली ती 1960 च्या मॉडेलांपासून, तीही इम्पीरियल वगळून. म्हणजे मधली तीन वर्षं या गाड्यांना टॉर्शन बारही होते आणि खाली वेगळी चासीही होती. लवकर सडण्याबद्दल आणि बार तुटण्याबद्दल जी बदनामी झाली, ती मुख्यतः 1957 च्या गाड्यांची. मोठ्या शेपटीपंखांचं ते नवं रूप घाईघाईने बाजारात आलं, पत्र्याच्या सांध्यांत पाणी साचायचं आणि बांधणीतही ढिलाई होती. म्हणजे ज्या गाड्या दाखवून युनिबॉडीला दोष दिला जातो, त्या युनिबॉडी नव्हत्याच. उलट 1960 ची बॉडी बांधताना तिला गंजरोधक द्रावणांत बुडवून काढायची व्यवस्था कंपनीने मुद्दाम उभारली. आधीच्या बदनामीतून कंपनी शिकली होती.

आता 'चासी म्हणजे ताकद' या म्हणण्याकडे येऊ. गाडीच्या सांगाड्यावर दोन प्रकारचे ताण येतात. एक वाकवणारा, म्हणजे वजनाने मध्ये झोळ पाडणारा. दुसरा पीळ देणारा, म्हणजे एक चाक खड्ड्यात आणि बाकीची वर असताना येणारा. दोन लांब तुळया आणि मध्ये आडवे तुकडे असलेली शिडीसारखी चासी पहिला ताण चांगला पेलते, दुसऱ्यापुढे ती नरम पडते. पीळ रोखायला बंद पेटीसारखा आकार लागतो आणि त्या पेटीची उंची-रुंदी जितकी जास्त, तितकी ती कडक होते. बुटांचा खोका झाकणाशिवाय पिळून पाहा, मग झाकण चारी बाजूंनी चिकटवून पिळा. फरक हाताला कळतो. युनिबॉडीत फरशी, छप्पर, खांब, दारांखालचे पोकळ उंबरे आणि डॅशबोर्डापुढची भिंत मिळून अशी पेटी तयार होते. पत्रा पातळ असला तरी तो खोल आकारात काम करतो. चासीचं लोखंड जाड असतं, पण काही इंच उंचीतच अडकलेलं असतं.

चासी खाली आहे म्हणून माणूस सुरक्षित, हाही समज याच्याच जोडीचा. 2009 साली अमेरिकेच्या आय.आय.एच.एस. या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मॅलिबू सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर, अर्ध्या बाजूने धडकवल्या. बेल एअरला स्वतंत्र चासी होती, तीही इंग्रजी एक्सच्या आकाराची, बाजूला तुळया नसलेली. तिची चालकाची जागा अक्षरशः चेपली. मॅलिबूच्या चालकाची जागा शाबूत राहिली. या चाचणीवरून 1960 ची प्लिमथ सुरक्षित होती असं सिद्ध होत नाही. अर्ध्या शतकाचा फरक मध्ये आहे. पण निव्वळ जाड लोखंड माणसाला वाचवत नाही, एवढं तरी सिद्ध होतं.

मराठी वाचकाला तर यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे दणकटपणाचं उदाहरण म्हणून जी गाडी सांगतात ती अँबॅसडर, म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड. तिला स्वतंत्र चासी नाही. पुढे टॉर्शन बार, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. क्रायस्लरची मांडणीही हीच: युनिबॉडी, पुढे लांबीत बसवलेले बार, मागे पाटे. खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर अनेक दशकं टिकलेल्या बांधणीला कच्ची कशी म्हणायचं?

टॉर्शन बारवर मला जास्त बोलायचं आहे, कारण त्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. 'दांडा पिळून पिळून थकतो, कॉइल स्प्रिंग थकत नाही,' असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण कॉइल दाबली जाते तेव्हा तिची तार पीळच खात असते. कॉइल स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेला टॉर्शन बार आणि टॉर्शन बार म्हणजे सरळ केलेली कॉइल. चांगल्या पोलादाचे दोन्ही असतील तर थकण्याचा नियमही दोघांना तोच.

क्रायस्लरच्या मांडणीत बारचं पुढचं टोक चाक धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये बसतं आणि मागचं टोक फरशीखालच्या आडव्या तुळईत. दोन्ही टोकं षटकोनी. चाक वर गेलं की आर्म फिरतो आणि बार पिळला जातो. यात एक फार मोलाची गोष्ट घडते. कॉइल असती तर तिचा सगळा जोर गाडीच्या नाकाडात, चाकाच्या डोक्यावर आला असता. बारचा पीळ मागे, गाडीच्या मधल्या भागात जाऊन पोचतो, आणि युनिबॉडी तिथेच सर्वांत भक्कम असते. त्यामुळे हे दोन निर्णय एकमेकांना पूरक ठरले. शिवाय आर्मजवळच्या बोल्टने पुढची उंची कमीजास्त करता येते. वर्षानुवर्षं वापरून गाडी बसली तर स्प्रिंग न बदलता ती पूर्ववत करता येते. हे मला त्या काळच्या अभियांत्रिकीतलं फार सुंदर काम वाटतं.

बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 0.88 इंचाचा बार काढून तेवढ्याच लांबीचा 0.92 इंचाचा घातला तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण कडकपणा सुमारे 19 टक्के वाढतो. हलकं सहा सिलिंडरचं इंजिन असो की जड व्ही-8, बाकी सांगाडा तोच ठेवून फक्त बार बदलला की काम भागतं.

मग बार तुटतात कशाने? बहुतेक वेळा दुर्लक्षाने किंवा चुकीच्या हाताळणीने. मागच्या टोकावरचं रबरी टोपण फाटतं, पाणी आणि माती आत जाते, षटकोनाच्या कोपऱ्याशी गंज धरतो आणि तिथून तडा सुरू होतो. किंवा बार काढताना कुणीतरी त्यावर पकड आवळतं आणि ओरखडा पाडतं. डावा बार उजवीकडे घातला तरी तो टिकत नाही, कारण प्रत्येकाला एकाच दिशेने पीळ घ्यायची सवय कारखान्यात लावलेली असते. म्हणून तर त्यांच्यावर डावा-उजवा अशी खूण असते.

'पैसे वाचवण्यासाठी' या आरोपाला तर त्या काळच्या महागड्या गाड्याच उत्तर देतात. 1955 च्या पॅकार्डने पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारे लांब टॉर्शन बार लावले आणि ओझ्यानुसार गाडी आपोआप समतल करणारी विजेची मोटरही दिली. लिंकनने 1958 पासून आपल्या अवाढव्य गाड्या युनिबॉडी केल्या; 1961 ची चार दारांची उघडी कॉन्टिनेंटलही तशीच. कॅडिलॅकने 1967 च्या एल्डोराडोला पुढे टॉर्शन बार दिले. काटकसरीचा हेतू शोधायचाच तर 1941 च्या नॅश 600 मध्ये सापडतो, आणि तिथे तो वजन घटवून पेट्रोल वाचवण्याचा होता.

शर्यतींचं एका वाक्यात सांगतो: रिचर्ड पेटी या चालकाने 1967 च्या एकाच हंगामात नासकार या अमेरिकन शर्यतमालिकेच्या 27 शर्यती जिंकल्या त्या टॉर्शन बारच्या, युनिबॉडी प्लिमथमध्ये, अर्थात आतून पाइपांचा पिंजरा घालून.

'कंपनीने गुंडाळलं' हेही खरं नाही. 1976 मध्ये बार आडवे झाले, पण ते 1989 पर्यंत कंपनीच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत होते. त्या गाड्याच बंद झाल्या, कारण कंपनी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांकडे वळली होती. युनिबॉडी तर कुठेच गेली नाही. आज जवळजवळ प्रत्येक कार तशीच बनते.

आता ते तथ्य. चासीवाल्या गाडीत रस्त्याचा आवाज आणि थरथर मधल्या रबरांत बरीच अडते. बहुधा म्हणूनच इम्पीरियल 1966 पर्यंत चासीवर राहिली. आणि युनिबॉडी सडली तर नुसती बॉडी सडत नाही, सांगाडाच सडतो. चासीही गंजतेच, पण ती दिसते, सुटी होते. टॉर्शन बार धरणारी आडवी तुळई आतून पोकळ असते. ती सडली की बार फरशी फाडून वर येऊ पाहतो. म्हणून अशी गाडी घेताना चकचकीत रंगाकडे नंतर बघा. आधी ती जॅकवर घ्या आणि ही तुळई, मागच्या पाट्यांचे पुढचे हँगर आणि पुढच्या दोन्ही तुळया पेचकसाने टोचून पाहा. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पाणी आत झिरपतं का तेही तपासा. तुळईला वेल्डिंग करायचंच असेल तर बारवरचा ताण बोल्टने पूर्ण सैल करून तो बाहेर काढा. जवळ आच लागली तर पोलादाचं पाणी उतरतं, आणि असा बार पुन्हा गाडीत घालू नये.